प्राणी बचाव केंद्र : नोंदणी, परवानग्या आणि देखरेख

भारतात प्राणी बचाव केंद्राचा परवाना म्हणता येईल असा एकच एक दाखला कोणतेही कार्यालय देत नाही, आणि या क्षेत्रातील बहुतेक अडचणींचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे. पाळीव प्राण्यांचे दुकान चालवणाऱ्याला 2018 च्या नियमांनुसार आणि कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्याला 2017 च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, जागेची तपासणी करून घ्यावी लागते आणि खरेदी-विक्रीच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. मात्र जखमी, आजारी आणि बेवारस प्राणी मोठ्या संख्येने स्वीकारणाऱ्या खासगी निवाऱ्यासाठी तशी स्वतंत्र परवाना पद्धती केंद्रीय कायद्यात नाही. नफ्यासाठी प्राणी ठेवणाऱ्यावर कायद्याची नजर असते आणि दयेपोटी ठेवणाऱ्यावर ती फारशी नसते, यामागे दयेला देखरेखीची गरज भासणार नाही, हे गृहीत असावे. प्रत्यक्षात क्षमतेपेक्षा दुप्पट प्राणी भरलेल्या, पशुवैद्य नसलेल्या आणि साथीच्या रोगांनी पोखरलेल्या निवाऱ्यात प्राण्याला भोगाव्या लागणाऱ्या यातना दुकानातल्या पिंजऱ्यापेक्षा कमी नसतात. त्यामुळे केंद्र सुरू करू इच्छिणाऱ्यांनी, ते आधीच चालवणाऱ्यांनी आणि अशा केंद्रांना देणगी देणाऱ्यांनी विखुरलेल्या कायद्यांतून कोणत्या जबाबदाऱ्या येतात हे एकत्रितपणे समजून घेणे आवश्यक ठरते. कायदा जिथे मुका आहे तिथेही, परवाना पद्धती असती तर जी शिस्त पाळावी लागली असती ती आपणहून पाळणे, हाच या कामाचा पाया आहे.

निराधार प्राण्यांना आसरा देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध 1832 मध्ये मुंबईत पारशी समाजाने उठाव केला आणि त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळ म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या, निरुपयोगी ठरलेल्या जनावरांना आमरण सांभाळणारी संस्था. 1874 मध्ये मुंबईत प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि तिच्याच प्रयत्नांतून परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय 1883 मध्ये सुरू झाले. आमरण सांभाळ आणि उपचार करून परत सोडणे, ही दोन भिन्न उद्दिष्टे तेव्हापासून शेजारी-शेजारी चालत आली आहेत. नव्या केंद्राने यांपैकी आपले उद्दिष्ट कोणते हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवणे इष्ट असते, कारण जागा, मनुष्यबळ आणि खर्च यांचे सगळे गणित त्यावर अवलंबून राहते.

संस्थेची नोंदणी म्हणजे प्राणी ठेवण्याची परवानगी नव्हे

पहिला टप्पा संस्थेच्या कायदेशीर अस्तित्वाचा असतो. महाराष्ट्रात त्यासाठी सामान्यतः तीन मार्ग वापरले जातात: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली न्यास, संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान 7 सदस्यांची संस्था, किंवा कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 8 खालील ना-नफा कंपनी. धर्मादाय हेतूने स्थापन झालेली संस्था महाराष्ट्रात 1860 च्या कायद्याबरोबरच 1950 च्या कायद्याखालीही नोंदवावी लागते, त्यामुळे धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी संबंध जवळपास अटळ असतो. घटनेतील किंवा न्यासपत्रातील उद्दिष्टांमध्ये प्राणी कल्याण, उपचार आणि निवारा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. शिक्षण किंवा आरोग्य या उद्दिष्टांसाठी नोंदलेल्या संस्थेने पुढे प्राण्यांचे काम हाती घेतले की अनुदान, करसवलत आणि न्यायालयीन ताबा या तिन्ही ठिकाणी हाच मुद्दा आडवा येतो. विश्वस्त बदलल्यास बदल अर्ज वेळेत दाखल करणे, दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल सादर करणे आणि परदेशी देणगी घ्यायची असल्यास 2010 च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय एक रुपयाही न स्वीकारणे, या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी टाळण्याजोग्या नाहीत. देणगीसाठी समाजमाध्यमांवर टाकलेला क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा, कोणा विश्वस्ताच्या वैयक्तिक खात्याचा नव्हे. या एका नियमाचे पालन झाले तर या क्षेत्राबद्दलचा निम्मा अविश्वास दूर होईल.

मात्र धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र हे संस्थेच्या अस्तित्वाचे प्रमाण असते, तिच्या गोठ्याच्या किंवा कुत्राघराच्या दर्जाचे नव्हे. प्राण्यांच्या संदर्भातील मूळ कायदा म्हणजे प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम 1960. या कायद्याच्या कलम 3 नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीखाली आहे अशा प्रत्येक व्यक्तीवर त्याच्या कल्याणासाठी आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय करण्याचे कर्तव्य येते, आणि बचाव केंद्राचा चालक या तरतुदीतून सुटत नाही. कलम 11 मध्ये क्रूरतेची जी रूपे सांगितली आहेत त्यांत हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, अवाजवी काळ साखळीने बांधून ठेवणे आणि पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे यांचा समावेश आहे. म्हणजेच गर्दीने भरलेले केंद्र हे स्वतःच गुन्ह्याचे ठिकाण ठरू शकते. पहिल्या गुन्ह्यासाठी 10 ते 50 रुपये दंड ही 1960 सालची रक्कम अजून बदललेली नाही, ही खेदाची बाब आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांच्या प्रकरणात निकाल देताना कलम 3 आणि 11 यांचा अर्थ लावण्यासाठी प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. भूक-तहान, शारीरिक गैरसोय, वेदना-दुखापत-रोग आणि भीती-ताण यांपासून मुक्ती, आणि आपल्या जातीला नैसर्गिक असे वर्तन करण्याची मोकळीक, अशी ही पाच स्वातंत्र्ये आहेत. शर्यतींविषयीची कायदेशीर स्थिती पुढे बदलली, तरी निवाऱ्याची अंतर्गत तपासणी करताना हीच पाच शीर्षके वापरणे सोयीचे आणि कायद्याशी सुसंगत ठरते.

याच अधिनियमाखाली 1962 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आता हरियाणातील बल्लभगड येथे असून ते केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मंडळ संस्थांना प्राणी कल्याण संस्था म्हणून मान्यता देते आणि त्या मान्यतेच्या आधारे अनुदानासाठी अर्ज करता येतो. रस्त्यावरच्या प्राण्यावर उपचार करण्यासाठी ही मान्यता सक्तीची नसली तरी पोलीस, महापालिका आणि न्यायालय यांच्यापुढे संस्थेची बाजू मांडताना ती उपयोगी पडते. म्हणून पात्र होताच अर्ज करावा. जिल्हा पातळीवर 2001 च्या नियमांनुसार प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे अपेक्षित आहे आणि तिच्या प्रत्येक रुग्णालयात वा निवाऱ्यात पूर्णवेळ पशुवैद्य आणि प्रशासक असावा, असे ते नियम सांगतात. हे बंधन सोसायटीच्या निवाऱ्यांपुरते असले तरी खासगी केंद्राने स्वतःसाठी तेच किमान प्रमाण मानावे.

कोणता प्राणी, त्यावर कोणता कायदा

परवानगीचा प्रश्न प्राण्याच्या जातीनुसार बदलतो आणि चुका बहुधा इथेच होतात.

भटक्या कुत्र्यांबाबत 10 मार्च 2023 पासून लागू झालेले प्राणी जन्म नियंत्रण नियम निर्णायक आहेत. निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरणाचा कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेला भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडून प्रकल्प मान्यतेचे प्रमाणपत्र घ्यावेच लागते. ते नसताना महापालिकेशी करार झाला तरी काम नियमबाह्य ठरते. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला किमान 4 दिवस देखरेखीखाली ठेवून, कानाला खूण करून, जिथून पकडले त्याच भागात सोडावे, हे या नियमांचे मूळ सूत्र आहे. त्यामुळे एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या तक्रारीवरून निरोगी कुत्रा उचलून केंद्रात कायमचा ठेवणे, किंवा दुसऱ्या वस्तीत नेऊन सोडणे, हे उपकाराचे काम वाटले तरी नियमांत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री या सूत्रातून वगळली, आणि 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निर्बीजीकरण व लसीकरणानंतर निवाऱ्यात हलवण्यास सांगितले. या आदेशांमुळे स्थानिक स्वराज्य संस्था निवाऱ्यांच्या शोधात लागल्या आहेत. अशा वेळी करार करणाऱ्या संस्थेने कुत्र्यांची कमाल संख्या, प्रति कुत्रा प्रतिदिन खर्च, पशुवैद्याचे वेतन आणि मृतदेहाच्या विल्हेवाटीची जबाबदारी हे चार मुद्दे करारात आकड्यांसह लिहून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि सही करण्यापूर्वी न्यायालयाचे त्यानंतरचे आदेशही पाहावेत.

गोवंशासाठी वेगळी व्यवस्था आहे. महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे नोंदणी झालेल्या गोशाळांना देशी गायींच्या सांभाळासाठी प्रति गाय प्रतिदिन 50 रुपये अनुदान देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 30 सप्टेंबर 2024 रोजी घेतला आणि जनावरांच्या कानाला ओळख बिल्ला असणे ही त्याची अट आहे. हा 12 अंकी क्रमांकाचा बिल्ला पशुसंवर्धन विभागाकडून लावून घेता येतो. शेण आणि मूत्र यांच्या विल्हेवाटीबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा व गोशाळांसाठी 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या ओढ्याच्या किंवा विहिरीच्या जवळ जागा घेण्यापूर्वी वाचाव्यात.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत मात्र स्थिती अगदी स्पष्ट आणि कठोर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असते आणि असा प्राणी ज्याच्या हाती येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक असते. या कायद्याने केलेल्या प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत, 2022 च्या सुधारणेनंतर, प्रदर्शनाबाहेरील सुविधा म्हणून बचाव केंद्रांचा समावेश होतो, त्यामुळे वन्यप्राणी ठेवणाऱ्या केंद्राला कलम 38-एच खाली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. भारतात परवाना पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच आहे. जुन्नरजवळील माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र किंवा नागपूरचे गोरेवाडा ही उदाहरणे वन विभागाच्या यंत्रणेत राहून काम करणारी आहेत. ज्या केंद्राकडे अशी मान्यता नाही त्याने जखमी घार, उदमांजर, माकड किंवा घोरपड आणली गेल्यास जीव वाचवण्यापुरता प्रथमोपचार करून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, कळवल्याची वेळ लिहून ठेवावी आणि प्राणी विभागाच्या उपचार केंद्राकडे सोपवावा. पिंजऱ्यातला पोपट किंवा काचेच्या पेटीतले तारा कासव घरातून सुटका करून आणले तरी ते केंद्रात पाळता येत नाही. सर्पमित्रांनी पकडलेले साप बरण्यांत साठवून ठेवण्याची आणि पाहुण्यांना दाखवण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ती कायद्याने गुन्हा आहे आणि सापाच्या जिवावर बेतणारी आहे.

पोलिसांनी जप्त केलेले प्राणी हा चौथा प्रकार असून तो सर्वांत किचकट आहे. अशा प्राण्याला मुद्देमाल म्हणतात, म्हणजे खटल्यातील पुराव्याची वस्तू. खटला चालू असेपर्यंत त्याला रुग्णालय, पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेत ठेवण्याचा आदेश दंडाधिकारी 2017 च्या मुद्देमाल प्राणी देखभाल नियमांनुसार देऊ शकतात आणि सांभाळाचा खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. यासाठी केंद्राने पोलिसांकडून पंचनाम्याची प्रत, गुन्हा नोंदणी क्रमांक आणि ताबा पावती घेतल्याशिवाय जनावर उतरवून घेऊ नये, आणि प्रत्येक जनावराचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, कारण पुढे मालक न्यायालयात उभा राहतो तेव्हा अमुक बैल माझाच आणि तो धडधाकट होता या दाव्याला उत्तर देण्यासाठी केंद्राजवळ तेवढाच पुरावा असतो. मुद्देमालातील प्राणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय विकता, दत्तक देता किंवा दुसऱ्या संस्थेकडे पाठवता येत नाही. जनावर दगावल्यास शासकीय पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घेऊन त्याचा अहवाल तपास अधिकाऱ्याला द्यावा. उपचारासाठी पाठवलेला प्राणी 1960 च्या अधिनियमाच्या कलम 35 नुसार त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दिल्यानंतरच सोडता येतो, ही तरतूद अनेक चालकांना ठाऊक नसते.

जागा, पशुवैद्य आणि कचरा

जागेच्या कागदपत्रांत सातबारा उतारा, अकृषिक वापराची स्थिती, ग्रामपंचायतीचे किंवा महापालिकेचे ना हरकत पत्र आणि पाण्याच्या जोडणीचा पुरावा तपासावा. अनेक केंद्रे 11 महिन्यांच्या भाडेकरारावर चालतात आणि शेजाऱ्यांनी भुंकण्याची तक्रार करताच मालक करार वाढवत नाही. ऐंशी कुत्री घेऊन महिनाभरात जागा शोधण्याची पाळी आलेल्या संस्थेचे प्राणी कुठे जातात, हे कोणी विचारत नाही. दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा मिळत नसेल तर कायम सांभाळाचे प्राणी स्वीकारू नयेत, केवळ बाह्यरुग्ण उपचारांवर थांबावे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 नुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार परिषदेकडे नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच आहे. स्वयंसेवकाने सलाईन लावणे, प्रतिजैविक ठरवणे किंवा जखम शिवणे या गोष्टी सवयीने होऊ लागतात आणि काही वेळा प्राणी वाचतोही. तरीही ते बेकायदा असते आणि प्रतिजैविकांच्या मनमानी वापराने रोगजंतू औषधांना दाद देईनासे होतात. केटामाइनसारखी भुलीची औषधे कुलपात ठेवून प्रत्येक मिलिलिटरची नोंद करावी लागते. वापरलेल्या सुया, रक्ताळलेली पट्टी आणि शस्त्रक्रियेतील अवयव हा 2016 च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांखालील कचरा आहे, आणि ते नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू असल्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घेऊन मान्यताप्राप्त सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करावा लागतो. अवयव आणि ऊती पिवळ्या पिशवीत, सुया आणि पाती छेद न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमा होतात. मृत प्राणी उघड्यावर किंवा नाल्यात टाकणारे केंद्र शेजारच्या वस्तीला रोग वाटते.

क्षमता मोजणे आणि नकार देणे

कोणत्याही परवाना अधिकाऱ्याने पहिला प्रश्न क्षमतेचा विचारला असता, म्हणून केंद्राने तो स्वतःला विचारावा. क्षमता म्हणजे पिंजऱ्यांची संख्या नव्हे. निवाऱ्यांच्या व्यवस्थापनात सर्वमान्य झालेल्या ठोकताळ्यानुसार एका कुत्र्याच्या किंवा मांजराच्या केवळ स्वच्छतेसाठी आणि खाण्यासाठी दिवसाला किमान 15 मिनिटे लागतात, औषधपाणी आणि फिरवणे वेगळे. 60 कुत्री असतील तर हे काम 15 तासांचे होते, म्हणजे दोन माणसांचा पूर्ण दिवस त्यातच जातो. आणि रविवारी, दिवाळीत, मुसळधार पावसात हे 15 तास कोण देणार याचे नावानिशी उत्तर नसेल तर त्या केंद्राची क्षमता 60 नाही. दुसरे गणित मुक्कामाचे आहे. रोज सरासरी 2 प्राणी येत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी 30 दिवसांचा असेल तर केंद्रात कायम 60 प्राणी राहतात. उपचार, निर्बीजीकरण आणि दत्तक प्रक्रिया वेगवान करून मुक्काम 20 दिवसांवर आणला तर तेवढेच प्राणी वाचवूनही संख्या 40 वर येते. जागा वाढवण्यासाठी देणगी मागण्यापूर्वी मुक्काम का लांबतो हे शोधणे म्हणूनच अधिक फलदायी ठरते. नव्वद टक्के जागा भरली की नवा प्राणी केवळ तातडीच्या प्रसंगी घेण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने आधीच करून ठेवावा, म्हणजे दाराशी पिल्लांची खोकी ठेवून जाणाऱ्याला नकार देताना त्या क्षणी कामावर असलेल्या मुलामुलींवर निर्णयाचे ओझे पडत नाही. नकार देताना पर्याय सांगावा: गुराढोरांसाठी 1962 या क्रमांकावरील फिरते पशुवैद्यकीय पथक, पिल्लांसाठी तात्पुरत्या सांभाळाची तयारी असलेली कुटुंबे, जागेवरच उपचार.

गर्दीची किंमत सर्वांत आधी विलगीकरण कक्षात दिसते. नव्याने आलेल्या प्राण्याला किमान 10 ते 14 दिवस इतरांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असते, कारण डिस्टेंपर किंवा पार्वो यांची लक्षणे दिसण्यापूर्वीच प्राणी रोग पसरवू शकतो. पार्वो हा पिल्लांना रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन मारणारा विषाणू फरशीवर आणि मातीत अनेक महिने टिकतो. बहुतेक निवाऱ्यांत फरशी फिनेलने पुसली जाते. फिनेलच्या वासाने स्वच्छतेचे समाधान मिळते, पण पार्वोवर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि त्यातील फिनॉल मांजरांसाठी विषारी असते. आधी साबणाच्या पाण्याने विष्ठा आणि घाण पूर्ण काढून, मग साधारण 5 टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटचा 1 भाग आणि पाण्याचे 30 भाग असे रोज ताजे केलेले द्रावण फरशीवर किमान 10 मिनिटे राहू देणे, हा यावरचा स्वस्त उपाय आहे. साफसफाईचा क्रमही ठरलेला असावा: प्रथम निरोगी पिल्ले, नंतर निरोगी मोठे प्राणी, नंतर नवे आलेले आणि शेवटी आजारी. विलगीकरण कक्षाच्या चपला, खराटा आणि बादली त्या दाराबाहेर कधीही येऊ नयेत. संशयित रेबीजच्या कुत्र्यासाठी बाहेरून बंद करता येणारा, बाहेरूनच पाणी देता येईल असा स्वतंत्र कक्ष आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस, या दोन गोष्टी नसलेल्या केंद्राने कुत्री घेऊच नयेत. चावा बसल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाणे, हे स्वयंपाकघरातील मावशींपासून विश्वस्तांपर्यंत सर्वांना पाठ असावे.

नोंदवह्या

प्रत्येक प्राण्याला आल्याबरोबर क्रमांक मिळावा आणि त्या क्रमांकाखाली आल्याची तारीख व वेळ, सापडल्याचे नेमके ठिकाण, आणणाऱ्याचे नाव, लिंग, दातांवरून अंदाजे वय, वजन, तापमान, कानावरची खूण आणि छायाचित्र यांची नोंद व्हावी. ठिकाणाच्या रकान्यात नुसते शहराचे नाव पुरेसे नसते. अमुक चौकातील पेट्रोल पंपाशेजारी इतके लिहिले असेल तरच बरा झालेला कुत्रा आपल्या जागी परत जाऊ शकतो. उपचार, लसीकरण, दत्तक आणि पुनर्मुक्तता यांच्या नोंदी सोबत येतात. सर्वांत जास्त टाळाटाळ मृत्यूच्या नोंदवहीत होते आणि सर्वांत जास्त माहिती त्याच वहीत असते: आल्यापासून किती दिवसांनी, कोणत्या कक्षात, कशाने मृत्यू झाला, हे तीन रकाने महिन्याअखेर एकत्र पाहिले की साथ, उपासमार किंवा निष्काळजीपणा लपत नाही. बरा होण्यापलीकडे गेलेल्या कुत्र्याला दयामरण देण्याचा निर्णय स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाच्या निदानावरच व्हावा, ते पात्र पशुवैद्याकडून वेदनारहित पद्धतीने दिले जावे आणि दुसऱ्या प्राण्यासमोर कधीही दिले जाऊ नये, असे जन्म नियंत्रण नियम सांगतात. दयामरणाला सरसकट विरोध करणाऱ्या काही संस्था मोडक्या कण्याच्या, कुजलेल्या जखमांच्या प्राण्यांना महिनोन् महिने तसेच ठेवतात. त्यामागची भावना खरी असली तरी ती त्या प्राण्याच्या वेदनेवर उत्तर नाही.

दत्तक देताना लेखी करार, घराची पाहणी आणि काही आठवड्यांनी विचारपूस या तीन पायऱ्या गाळू नयेत. निर्बीजीकरण न करता प्राणी दत्तक देणारे केंद्र पुढच्या वर्षीच्या पिल्लांची सोय करत असते.

देखरेख कोणी करावी

स्कॉटलंडने 2021 च्या नियमावलीने बचाव केंद्रे आणि प्राण्यांना नवी घरे मिळवून देण्याचे काम परवान्याखाली आणले आणि 1 सप्टेंबर 2021 पासून स्थानिक प्राधिकरणांकडे परवाना व तपासणीचे काम सोपवले. भारतात असे करण्यास घटनेचा अडथळा नाही. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीतील नोंद 17 मध्ये आहे आणि पशुवैद्यकीय सेवा व पशुधन रक्षण हा विषय राज्य सूचीत आहे, त्यामुळे महाराष्ट्र विधिमंडळ निवाऱ्यांसाठी स्वतंत्र नोंदणी कायदा करू शकते. तो करताना लहान केंद्रे कागदपत्रांच्या भाराने बंद पडणार नाहीत याची काळजी घ्यावी लागेल. घरच्या अंगणात पाच-सात अपंग कुत्री सांभाळणाऱ्या वृद्ध जोडप्याला आणि शहराचे कंत्राट घेऊन पाचशे कुत्री ठेवणाऱ्या संस्थेला एकच अर्ज लागू करणे अन्यायाचे होईल. संख्येनुसार पायऱ्या, वर्षातून एक पूर्वसूचित आणि एक अचानक तपासणी, तपासणीत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांचा प्रतिनिधी आणि बाहेरचा एक पशुवैद्य, अहवाल सर्वांसाठी खुला आणि परवाना रद्द झाल्यास प्राणी कुठे जातील याची आधीच ठरलेली व्यवस्था, एवढ्या गोष्टी त्या कायद्यात असल्याच पाहिजेत. शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. केंद्र बंद करण्याचा आदेश निघतो त्या दिवशी शंभर प्राणी पुन्हा रस्त्यावर येणार असतील तर तो आदेश कोणाच्याही हिताचा नसतो.

असा कायदा होईपर्यंत देखरेखीची जबाबदारी देणगीदार आणि परिसरातील नागरिक यांच्यावरच येते. ज्या वाचकांना एखाद्या केंद्राला पैसे, चादरी किंवा आपला वेळ द्यायचा असेल त्यांनी आधी दिवसाउजेडी तेथे जावे, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, पशुवैद्याचे नाव आणि त्याच्या भेटीचे वार विचारावेत, विलगीकरण कक्ष दाराबाहेरूनच पाहावा आणि गेल्या तीन महिन्यांची मृत्यूची नोंदवही मागावी. जे केंद्र ती वही समोर ठेवते, त्यात मृत्यू नोंदलेले असले तरीही, त्याला हात सैल सोडून मदत करावी. आणि जे केंद्र अशी वही ठेवतच नाही, त्याबद्दल जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी कळवावे.